वरून ओतलेलं पाणी

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली की तुझा आवाज आठवायला मला डोळे मिटावे लागतात. तुझा तांब्या आठवायला मात्र काही करावं लागत न्हाई. तो समोरच आहे, फळीवर, काठाला पोचा आलेला. त्याच्याकडं बघितलं की अजून अंगाची आग होते, म्हणून आज लिहायला बसले.

निजामाच्या राज्यातलं जालना. मिशनच्या दवाखान्यामागं तुझं स्वयंपाकघर. तू आजाऱ्यांसाठी भाकरी थापतेस, मी चुलीपाशी पाटी घेऊन बसते आणि तू तीच गोष्ट पुन्हा सांगतेस. कुंभार पिंपळगावाकडच्या आपल्या गावात महारांना विहिरीला हात लावायची सोय न्हवती. तू उन्हात बसून राह्यचीस. एखाद्या पाटलिणीला दया आली तर ती वरून ओतायची, तू खाली ओंजळ धरायचीस, अर्धं पाणी कोपरावरून मातीत जायचं. "मंग येशूनं मला पेला दिला," असं म्हणताना तू भाकरी थापायची थांबायचीस. प्रभुभोजनाला एकच पेला सगळ्या मंडळीत फिरायचा, महार, मांग, एखाददुसरा बामण, खुद्द पाद्रीसाहेब, सगळे त्यालाच तोंड लावायचे. "देवाच्या घरी वरचं-खालचं बिलकुल न्हाई, बाई," तू म्हणायचीस. मी येडी, ते खरं मानून बसले.

दवाखान्यातला कंपाउंडर मला आवडला, मी त्याला. त्याची आई आपल्याच मंडळीतली, प्रार्थनेला तुझ्याच शेजारी बसणारी. मांगवाड्यातून आल्ती, एवढंच. ती मागणी घालायला आली ते मस्तगडावरून भर उन्हात चालत, पदरात गुळाचा खडा बांधून. आल्या आल्या पाणी मागितलं. तू पेला भरलास. आणि तिनं जुन्या सवयीनं, पेला घ्यायचा सोडून, ओंजळ धरली. चुकलीच बिचारी. दोघीही थबकलात. "अगं, घे की पेला," एवढंच म्हणायचं होतं तुला. तू पेला खाली ठेवलास, तांब्या उचललास आणि वरून ओतलंस.

ती पिऊन राह्यली होती, पाणी तिच्या कोपरावरून गळत होतं, मी उंबऱ्यात उभी. पिऊन झाल्यावर तिनं तोंड पुसलं, "येते बाई," म्हणाली आणि गेली. गुळाचं नावसुद्धा काढलं न्हाई.

"असं का केलंस?" मी ओरडले.

"मंडळी एक असली तरी सोयरीक एक न्हाई. गावाकडचे काय म्हणतील?"

"कोणते गावाकडचे? तुला विहिरीला हात लावू दिला न्हाई ते?"

"जास्त बोलू नको. त्यांच्यात पोरगी दिली की आपली इज्जत गेली."

इज्जत! पुढच्या रविवारी प्रभुभोजनाचा पेला तिनं तोंडाला लावला, तिच्या हातातून तू घेतलास आणि डोळे मिटून प्यायलीस. पाद्रीसाहेबांसमोर तिचं उष्टं तुला बराबर चाललं. घरातच काय झाल्तं गं तुला?

कंपाउंडर जालना सोडून गेला. माझं लग्न तू 'आपल्यात' लावलंस. माणूस वाईट न्हवता, त्याच्याबद्दल एवढंच लिहिता येतं. लोक मला समजावतात, त्या काळी सगळे तसेच होते. असतील. पण त्या सगळ्यांनी मला पेल्याची गोष्ट सांगितली न्हवती. तू सांगितली नसतीस तर ते वरून ओतणं मला रोजचंच वाटलं असतं, रागसुद्धा आला नसता. तूच मला राग दिलास, आणि तोही तुझ्यावरच काढायला.

पटकीत तू गेलीस तेव्हा भीतीनं आपल्यातली एकही बाई तुला अंघोळ घालायला आली न्हाई. ती आली, कंपाउंडरची आई. पदर खोचला, तुझं डोकं मांडीवर घेतलं आणि हाच तांब्या उचलला. तिनं वरून ओतलं न्हाई. आपल्या तळव्यावर पाणी घेऊन तुझं तोंड पुसलं, लेकराचं पुसावं तसं, कानामागं सुद्धा. "झोप बाई आता," म्हणाली.

हे पत्र कुठं टाकायचं न्हाईच, म्हणून लिहिते. त्या दिवशी मी हंबरडा फोडला तो तुझ्यासाठी, असं सगळ्यांना वाटलं. मी तिच्यासाठी रडत होते, आई. तुझ्यासाठी अजून रडले न्हाई.