डोंगर तिकडं फुटला

केरुगोया,
१७ एप्रिल २०१०

चि. वांबुरास बाबांचे अ. उ. आशीर्वाद.

फोनवर तुझं बोलणं मला ऐकू येत नाही आणि तुझी आई सांगताना निम्मं गाळते, म्हणून नैरोबीच्या वडाप गाडीवाल्याबरोबर हे पत्र धाडतोय.

गुरुवारी फरसबीच्या पेट्या भरून रस्त्यावर नेल्या. ट्रक आला नाही. शुक्रवारीही नाही. आज कंपनीचा माणूस मुरिउकी आला आणि म्हणाला की आइसलँड म्हणून कुठलासा देश आहे, तिथं डोंगर फुटलाय, त्याच्या राखेमुळं युरोपातली विमानं बंद आहेत, म्हणून माल उचलायचा नाही. मी त्याला विचारलं की सकाळी सकाळी किती ढोसलीस. आमच्या डोक्यावर एवढा केनियाचा डोंगर बसलाय, त्यानं कधी कुणाच्या शेंगा अडवल्या नाहीत. तो हसला नाही.

तू विमानतळाशेजारीच शेंगा निवडतेस. खरं काय ते कळव. या खेपेला आपल्या रानात मक्याचं एक ताटही नाही, सगळी फरसबीच आहे.

तू वाळलीस अशी आईची तक्रार आहे. जिवाला जप.

तुझा बाबा,
गाचोकी

नैरोबी,
१९ एप्रिल २०१०

ती. बाबांस वांबुराचा सा. न. वि. वि.

मुरिउकी प्यालेला नव्हता, बाबा. शुक्रवारी आमचा शेंगा निवडायचा पट्टा मध्येच थांबला. शीतघर गच्च भरलं होतं. शनिवारी मुकादमानं हातमोजे काढून ठेवायला सांगितले. परत कधी यायचं, हे त्यालाही माहीत नव्हतं.

आज पगाराची चौकशी करायला गेले, तर गोदामामागं शेंगांचा ढीग. परदेशी दुकानांची नावं छापलेल्या पिशव्यांसकट ओतल्या होत्या. माझ्याबरोबरच्या अकिन्यीनं मुलांसाठी दोन पिशव्या उचलल्या. पहारेकऱ्यानं त्या काढून घेतल्या. माल कंपनीचा आहे म्हणाला, आणि तिच्यादेखत पुन्हा ढिगावर फेकल्या. वर आभाळ स्वच्छ, आणि विमानं ओळीनं उभी.

घरी येऊ का? तुम्ही म्हणाल तसं करीन. आईला सांगा, मी दोन वेळा जेवते. तिची माया आहेच, पण काळजी राहू द्या.

तुमची,
वांबुरा

केरुगोया,
२७ एप्रिल २०१०

चि. वांबुरास आशीर्वाद.

विमानं सुरू झाली हे कळलं. इकडं काय झालं ते ऐक. शेंगा जून झाल्या. गाईपुढं टाकल्या, तिनं दुसऱ्या दिवशीच तोंड फिरवलं. आईनं बटाट्यात घोटून आम्हाला वाढल्या. चार दिवसांनी मीही गाईसारखंच केलं, तेव्हा मला बोलणी बसली.

पोरी, मी दुष्काळ पाहिला, लष्करी अळी पाहिली. तेव्हा पीक आधी मरायचं आणि मग आपण रडायचो. या वेळी पीक हिरवंगार उभं होतं आणि बाया बांधावर बसून रडत होत्या. मला अजून ते खरं वाटत नाही.

तुझ्या आईनं मला न विचारता निम्मी फरसबी उपटली. मावशीकडून बियाणं आणून मका आणि राजमा पेरला. उशीर झालाय, पण ओल आहे.

काल ट्रक आला. उपटलेलं रान पाहून मुरिउकी चिडला. करार काय ठरला होता, अशानं कंपनी दुसरं गाव बघेल, असं बरंच बोलला. आईनं त्याला विचारलं की गेला आठवडाभर तुझ्या घरी काय शिजलं. मावशीकडचा मका आणि राजमा एकत्र उकडून केलेली गिथेरी चुलीवर होती, आईनं त्याच्यापुढं ताट केलं. दोनदा वाढून घेतलं त्यानं. मग ट्रकवाल्याला ऐकू जाऊ नये अशा बेतानं म्हणाला की त्याच्याही रानात सगळी फरसबीच आहे, बायको बोलत नाही, दोन ओंजळी बियाणं मिळेल का. आईनं टोपी पुढं कर म्हणून सांगितलं आणि ती भरून दिली.

कामावर बोलावलं तर जा. नाही बोलावलं तर ये, खुरपणीला माणूस हवंच आहे. येताना अकिन्यीलाही विचार.

तुझा बाबा,
गाचोकी