‘जागेवर काही नाही’ या नोंदीबाबत

प्रति,
मा. मंडळ लागवड अधिकारी,
सावरदरा मंडळ, जि. बीड.

अर्जदार: शाहीन अशफाक पठाण, रा. सावरदरा, सध्या नोकरीनिमित्त बीड.

विषय: सावरदरा येथील गायरान माळाची पुन्हा पाहणी करून माझ्या वडिलांच्या नावाचे स्मृतिवन दुसऱ्या जागी नेणेबाबत.

संदर्भ: १) ग्रामसभेचा ठराव. २) आपल्या कार्यालयाचा स्थळपाहणी पंचनामा.

महोदय,

१. माझे वडील अशफाक पठाण गावच्या शाळेत विज्ञान शिकवीत. जानेवारीत ते वारले. त्यांच्या नावाने गावाबाहेरच्या माळावर स्मृतिवन करायचे गावाने ठरवले आहे. त्यासाठी पावसाळ्याआधी यंत्राने माळ सपाट करून खड्डे घेतले जाणार आहेत. माळ सपाट झाला तर वडिलांनी आयुष्यभर जे जपले ते संपेल. म्हणून त्यांच्याच स्मारकाविरुद्ध त्यांची एकुलती मुलगी अर्ज करीत आहे. हे विचित्र दिसते याची मला जाणीव आहे.

२. पंचनाम्यात या जागेविषयी ‘जागा पडीक. जागेवर काही नाही’ अशी नोंद आहे. पाहणीला आलेल्या कर्मचाऱ्यांना मी दोष देत नाही. ते एप्रिलच्या उन्हात आले. झाड नाही, विहीर नाही, बांधकाम नाही, पायाखाली नुसती काळपट, खरबरीत, चुरचुरणारी जमीन. गावातही तिला जळकी माती म्हणतात. मात्र ती कधीच जळलेली नाही. ती मातीवर धरलेली जिवंत साल आहे. तिच्यात डोळ्यांना न दिसणारे शेवाळाचे धागे असतात. ते आपल्या चिकट रसाने मातीचे कण एकमेकांना बांधून ठेवतात. त्या धाग्यांच्या आधाराने दगडफुलाचे ठिपके आणि मखमलीसारखे बारीक शेवाळे वाढते. ही साल हवेतला नत्र मातीत उतरवते, आणि माळावरचे कुसळी गवत त्यावरच जगते. वर्षातले बहुतेक महिने ती कोरडी पडून राहते, पण मरत नाही. वाळलेली असताना तिच्यावर पाय पडला की तिचा चुरा होतो. माझ्या जन्माआधी त्या माळावरून बैलगाडी जात असे. तिच्या चाकोऱ्या अजून फिकट दिसतात, तिथे साल पुरती धरलेली नाही.

३. मी ग्रंथपाल आहे. या विषयावर हाती लागले ते सगळे वाचले. बहुतेक लिखाण दूरच्या, थंड वाळवंटांवरचे आहे. चार महिने पाऊस आणि आठ महिने ऊन अशा आपल्या मुलखातल्या सालीवर फार थोडे सापडते. मी हे अब्बांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, “पुस्तकात न्हाई म्हणून माळावर न्हाई, असं थोडंच हाय?”

४. अब्बा भिंग घेऊन तिथे तासन्‌तास पालथे पडून असत. आमच्या शेजारचे आप्पा शेळ्या चारतात. ते सगळ्या गावाला सांगत, “लोक म्हशीवर जीव लावतेत, आमच्या मास्तरनं बुरशीवर लावला.” शेळ्यांनी सगळा माळ तुडवू नये, एकाच वाटेने पलीकडे जावे, असे अब्बांनी त्यांना विनवले. “मास्तर, शेळ्यायला नोटीस काढा, मी वाचून दाखवतो,” असे आप्पा म्हणाले आणि दुसऱ्या दिवसापासून शेळ्या एका वाटेने नेऊ लागले. आजही नेतात. या माळाचे संरक्षण आजवर एवढेच झाले आहे. त्याला कसलाही ठराव लागला नव्हता.

५. अब्बांच्या माजी विद्यार्थ्यांनी स्मृतिवनाची सुरुवात म्हणून तिथे श्रमदान केले. फलक लावायच्या जागेवरची ‘जळकी माती’ त्यांनी खराट्यांनी झाडून काढली, कडेने चुना टाकला आणि मधोमध नारळ फोडला. शनिवारी मी बीडहून नेकनूरमार्गे येणाऱ्या बसमधून उतरले तेव्हा त्यांनी मला कौतुकाने तिथे नेले. चौकोन पांढरा स्वच्छ होता. ही मुले अब्बांकडे शिकली आहेत. जनाजा त्यांनी आळीपाळीने खांद्यावर नेला. मी सर्वांचे आभार मानले. आता दुपारी वारा सुटला की त्या चौकोनातून धूळ उठते. शेजारच्या काळ्या जमिनीवरून उठत नाही. खड्डे झाल्यावर सगळ्या माळाची गत या चौकोनासारखी होईल.

६. सरपंच वनमालाताईंना मी घरी जाऊन भेटले. त्यांनी चहा केला, अब्बांची आठवण काढली. मी विषय काढल्यावर म्हणाल्या, “शाहीन, तू लई शिकलीस, पर आडवी कावून यायलीस? पोरं मास्तरच्या नावानं झाडं लावायलेत, दारूचं दुकान न्हाई टाकायलेत.” अब्बांचे नाव देण्यासाठी वारस म्हणून माझे संमतीपत्र लागते. मी सही केली नाही तर काय होईल, असे विचारले. त्या म्हणाल्या, “मग दुसऱ्याचं नाव टाकू बाई. जागा तर तीच हाय.” म्हणजे सही केली तर अब्बांच्या नावाने माळ जाईल, न केली तर दुसऱ्या कोणाच्या नावाने जाईल.

७. आपल्या कार्यालयात हरकतीचा नमुना मिळाला. त्यात हरकत कशासाठी याचे रकाने आहेत: झाड, विहीर, बांधकाम, कबर अथवा देवस्थान. मी खाली रेघ ओढून ‘माती’ असे लिहिले. खिडकीवरच्या गृहस्थांनी सौजन्याने विचारले, “मॅडम, माती वाचवायची म्हंजी कशापासून? झाडापासून?” मी होय म्हणाले. रांगेतले लोक हसले. नमुना परत मिळाला. त्या चारांपैकी एखादी गोष्ट माळावर असती तर माझी हरकत घेतली गेली असती. अब्बांना माळावर दफन केले असते तर ती जागा वाचली असती, असाही विचार परतताना बसमध्ये माझ्या मनात आला. तो इथे लिहिणे योग्य नाही, तरी लिहिला आहे.

८. माझा झाडांना विरोध नाही. आमच्या अंगणातला लिंब अब्बांनीच लावला. शाळेमागे बंद पडलेल्या वीटभट्टीची जागा आहे. तिथली माती आधीच खणून नेलेली आहे, आणि पाण्याचा टँकर तिथवर जातो. वन तिथे करावे. मी त्याच दिवशी संमती देईन आणि पोरांबरोबर खड्डेही घेईन. हे शक्य नसेल तर माळावर यंत्र नेऊ नये, खड्डे हाताने आणि शेळ्यांच्या वाटेच्या कडेनेच घ्यावेत. तेही शक्य नसेल तर ‘काही नाही’ ही नोंद तरी बदलावी. काही नव्हते म्हणून खणले, असे कागदावर राहू नये.

९. आता गावात या विषयावर माझ्याशी कोणी बोलत नाही. माणसे माझी विचारपूस करतात, जेवलीस का विचारतात आणि माळाचे नाव निघाले की गप्प होतात. दुःखाने माझे डोके फिरले आहे, असे त्यांना वाटत असावे. शनिवारी मी घर उघडते, झाडलोट करते आणि एकटीच माळावर जाऊन येते.

१०. तरी यंत्र येण्याआधी आपण स्वतः एकदा जागेवर यावे. पाहणीला उपकरण लागणार नाही, मी तांब्याभर पाणी आणीन. ते काळ्या जमिनीवर हळू ओतायचे आणि उकिडवे बसून थोडे थांबायचे. माती पाणी पिते, फुगते आणि आपल्या डोळ्यांदेखत हिरवी होत जाते. मग जे दिसले ते आपण आपल्या हाताने लिहावे. पंचनाम्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, असे मला सांगण्यात आले. ही माती हिरवी होताना पाहिलेली माणसे गावात दोनच होती. एक मी आहे. दुसरी सही कोणाची आणावी, हे मला माहीत नाही. आपण स्वतः पाहिलेत तर ती आपण करावी, ही विनंती.

आपल्या येण्याची वाट पाहणारी,

(सही)
शाहीन अशफाक पठाण
सावरदरा, दि. १९ मे २०२५

सोबत:
१. झाडलेल्या चौकोनाचे व शेजारच्या जमिनीचे छायाचित्र.
२. वीटभट्टीच्या जागेचा कच्चा नकाशा.
३. वारसाचे संमतीपत्र, सही न केलेले.