शिवणाच्या टेबलाला आवळलेलं स्टीअरिंग

परममित्र टिकटिकराव यांस,

तुझ्या जुन्या ड्रायव्हरचा शिवणाच्या टेबलापाशी बसून नमस्कार. (टेबलाच्या कुठल्या बाजूला बसून, ते पुढे येईलच.) तुझा गुडघा कसा आहे? डावा दुखत होता की उजवा ते मी विसरलो, तेव्हा दोन्हींची चौकशी केली असं समज. वहिनींना नमस्कार सांग. आमच्याकडे सगळं ठीक आहे. म्हणजे मी ठीक नाही, घर ठीक नाही, आणि दंतवैद्यबाईंचा कोट तर मुळीच ठीक नाही. पण पत्राच्या सुरुवातीला सगळं ठीक आहे असं लिहायचं असतं, म्हणून लिहिलं.

झालं असं, की गेल्या महिन्यात आमच्या चिरंजीवांनी दोन खोकी पाठवली. मी निवृत्त झाल्यापासून खुर्चीत बसल्या बसल्या ब्रेक दाबतो, हे त्याच्या म्हणे लक्षात आलं होतं. (दाबतो, खोटं कशाला सांगू? सौ. हातात चहा घेऊन वळणावरून, म्हणजे कपाटाला वळसा घालून, जोरात आली की माझा पाय आपोआप जातो.) पहिल्या खोक्यात एक काळी चपटी पेटी निघाली. तिला कन्सोल म्हणतात. ती टीव्हीला जोडायची आणि टीव्हीत खेळायचं. बरोबर दोन कंट्रोलर, ते चार्ज करायचा एक स्टँड, माईक लावलेला हेडफोन, आणि वायरींचा एवढा गुंता की आपल्या डेपोतल्या इलेक्ट्रिशियनलाही घाम फुटावा. माहितीपुस्तक अकरा भाषांत होतं आणि त्यातली एकही आपली नव्हती. मी सगळी चित्रं बघून जोडणी केली, टीव्ही लावला आणि समोर काळाकुट्ट अंधार. मला वाटलं, खेळाची सुरुवात बोगद्यातून आहे. चांगला पाऊण तास मी हेडलाइटचं बटण शोधत, हॉर्न देत बसलो होतो. शेवटी सौ.नं येऊन टीव्हीच्या मागची वायर एका भोकातून काढून शेजारच्या भोकात घातली आणि लख्ख उजाडलं. आणि तशीच परत शिवायला जाऊन बसली. त्याचाच राग जास्त येतो.

मग त्या कंट्रोलरनं माझी झोप उडवली. खेळात कुठे आपटलो की तो हातात थरथरतो. मी ठरल्या रीतीप्रमाणे कागदावर तक्रार लिहिली, “डाव्या हाताशी हादरे. तपासावे.” आणि डेपोतल्यासारखी खिळ्याला टोचली. संध्याकाळी बघतो तर खाली सौ.च्या अक्षरात शेरा होता, “तपासले. गाडी ठीक. ड्रायव्हर तपासावा.” आता बोल. बत्तीस वर्षं बस हाकली, एक ओरखडा नाही, आणि म्हातारपणी हा पाणउतारा.

पण खरं प्रकरण दुसऱ्या खोक्यातलं. त्यात स्टीअरिंग होतं. खरंखुरं, गोल, हातात धरायचं, आणि खाली तीन पेडलं. तुला सांगतो, ते हातात घेतलं आणि मला भरून आलं. लपवत नाही. मी ते छातीशी धरून जरा वेळ नुसता उभा राहिलो. आता त्याला खाली एक पकड असते, तिनं ते टेबलाला आवळायचं. जेवणाच्या टेबलाचा पाय डुगडुगतो, टीपॉय बुटकी, तेव्हा घरात भक्कम असं टेबल एकच, सौ.च्या शिवणयंत्राचं. तिनं बरीच कुरकुर केली, पण शेवटी अर्धं टेबल दिलं. तिकडून ती शिवते, इकडून मी हाकतो. टेबलाखाली माझी तीन पेडलं आणि तिच्या विजेवरच्या यंत्राचं एक, अशी चार पेडलं शेजारीशेजारी. तू हुशार आहेस, पुढचं तुझ्या लक्षात आलंच असेल.

एक दिवस सौ.कडे दुरुस्तीला आलेला दंतवैद्यबाईंचा पांढरा कोट यंत्राखाली होता. सौ. दार वाजलं म्हणून उठली, आणि मी नेमका एका लाल गाडीला गाठायला गेलो. पाय दिला दाबून. गाडी काही पळेना, मी आणखी दाबला, तरी पळेना. शिवणयंत्र मात्र असं पळालं, असं पळालं, की बाहीच्या तोंडाशी सुरू झालेली टीप कोपरापर्यंत पोचली. त्यात दाराशी दंतवैद्यबाईच होत्या. त्यांना घाई होती, त्यांनी कोट तसाच उचलला, अंगात घातला, आणि हात आत अडकला तो अडकलाच. बाईंना गेली वीस वर्षं लोकांना “घाबरू नका, एक मिनिट” असं सांगायची सवय आहे. ते त्यांना सांगायची पाळी माझ्यावर आली. (त्या घाबरल्या.)

आता माझ्या शर्यतींबद्दल. टिकट्या, मी शेवटचा येतो. रोज येतो. कारण काय, तर रस्त्याच्या कडेला माणसं उभी असतात आणि हात करतात. चिरंजीव फोनवर म्हणतो, बाबा, ते प्रेक्षक आहेत, टाळ्या वाजवतायत. असतील. पण हात केलेल्या माणसाला तसंच सोडून पुढे जाणं माझ्याच्यानं होत नाही. मी गाडी कडेला घेतो, थांबतो, कोणी चढत नाही, मग मला वाईट वाटतं. वळताना मी हात बाहेर काढून इशाराही करतो. त्यात सौ.ची टाचण्यांची डबी तीनदा उडाली आणि आता आमच्याकडे कोणी अनवाणी फिरत नाही. हेडफोनमधून दुसरे खेळाडू ओरडतात ते वेगळंच. कुठल्या कुठली पोरं! मला आजवर प्रवाशांनीही इतकं बोललेलं नाही, आणि आपली सकाळी साडेनऊची फेरी तुला आठवतच असेल.

हे सगळं मी गिळलं असतं. पण येत्या रविवारी नात येतेय. नऊ वर्षांची आहे, स्वतःचा कंट्रोलर घेऊन येतेय आणि शाळेतल्या दोन मैत्रिणींनाही आणतेय, आजोबांशी शर्यत लावायला. तिनं वर्गात सांगून ठेवलंय की माझ्या आजोबांसारखं कोणी गाडी चालवूच शकत नाही. पहिला नंबर नको रे मला. पण त्या दोन चिमुरड्यांसमोर पोरीची मान खाली जाऊ नये, एवढंच. त्या विचारानं मला जेवण जात नाही. (काल फक्त पाच पोळ्या खाल्ल्या.)

आणि खरी गोम तुला सांगतो. थांबे सोड, हात दाखवणं सोड, माझी गाडी मुळात निघतच नाही. समोर तीन लाल दिवे लागतात, मग हिरवा. बाकीच्या गाड्या सुसाट सुटतात. मी पहिल्या गिअरमध्ये, क्लच दाबून, तयार. आणि तसाच बसून राहतो, ते बाकीचे एक फेरी मारून मागून येऊन धडक देईपर्यंत. आठवडाभर मला वाटत होतं पेडलात बिघाड आहे. मी ते उघडलं, पुसलं, तेल घातलं (घालायचं नव्हतं). परवा सौ.नं काज करता करता विचारलं, तुम्ही कशाची वाट बघता हो? मी म्हटलं, कशाची म्हणजे काय, बेलची! अरे, बत्तीस वर्षांत कंडक्टरची डबल बेल झाल्याशिवाय माझा पाय क्लचवरून सुटलेला नाही. हिरवा दिवा बघून निघायचं हे डोक्याला कळतं, पायाला कुठून कळणार?

बिचारीनं तेव्हापासून सगळे उपाय केले. इस्त्रीवर कात्री आपटून झाली, वाटीवर चमचा झाला, चिरंजीवानं फोनवर घंटी पाठवली तीही लावली. पाय हलत नाही. तिची टणटण लागोपाठ येते. तुझी पहिली बेल व्हायची, मग तू मागे वळून शेवटच्या माणसाचा पाय पायरीवर नीट आला का बघायचास, आणि मग दुसरी. त्या मधल्या अंतरात माझा पाय बसलाय.

असो. फार लांबलं. पेन्शनवाल्यांची सभा या महिन्यात आहे म्हणतात. छत्री घेऊन जा.

तुझा,
ड्रायव्हर

ता. क. रविवारी चार वाजता मोकळा असलास तर ये. माझ्या मागे नुसतं उभं राहायचं आणि बेल मारायची. बाकी काही नाही. खुर्ची देईन.

ता. क. दोन. माझ्या निरोपसमारंभात माईक हातात आल्यावर मी जे बोललो, की गाडी ड्रायव्हर चालवतो आणि बेल काय, कोणीही मारतं, ते मी मागे घेतो. त्यानंतर तू फिरकला नाहीस. चार महिने झाले. मी चुकलो. हे वाक्य मी तीन वेळा खोडून चौथ्यांदा लिहिलंय, तेव्हा मोठं मन करून वाच.

ता. क. तीन. भाऊजी, हे मी लिहितेय. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून वाचलं. कोटाच्या बाहीची टीप दोन मिनिटांत उसवली, बाईंचा हात सुखरूप आहे. तुम्ही यायचे बंद झाल्यापासून हे रोज चार वाजता दार उघडून उभे राहतात आणि विचारलं तर वारा येऊ देतोय म्हणतात. नातीला यातलं सगळं ठाऊक आहे, पंधरा दिवसांपूर्वी आली होती तेव्हा तिनं पडद्याआडून पाहिलंय. काल तिला फोनवर सांगितलं की टिकटिक आजोबा येणार आहेत. ती लगेच म्हणाली, “मग आजोबा निघतील ना?” मी हो म्हणून बसलेय. मला खोटं पाडू नका.