मावशीला कुणी विचारलं?

दादा,

तुझा लेख आमच्या वैद्यकीय नियतकालिकात मीच अडवला. फोटोतल्या बाईच्या डोळ्यांवर तू काळी पट्टी ओढली होतीस. पण जिनं आपल्याला वाढवलं, त्या मावशीची वाकडी झालेली हनुवटी मला ओळखू येणार नाही? वर लिहिलंस, ‘रुग्णाची संमती घेतली आहे.’

फोनवर तू उखडलास. “घरच्या माणसाची कसली गं संमती? माझी बढती अडकलीये. संपादक झालीस म्हणून बहीण नाहीस का?”

तरी मी मावशीला फोटो दाखवला. तिला कुणी विचारलंच नव्हतं. मी मुख्य संपादकांना आपलं नातंही सांगितलं आणि हेही.

मावशी म्हणाली, “छापू दे की, कुणाला तरी उपयोग होईल. पण आधी त्यानं माझ्यासमोर बसून विचारावं.”

हे तुला कळवलं, तर तू लेखासाठी धावत येशील. म्हणून हे पत्र टाकत नाही. तू आपणहून येतोस का, ते मला बघायचंय. दार वाजलं की मावशीची मान वळते.

तुझी,
धाकटी