बुडावरून ओळखावे

मी, दगडी बाणाग्रे तपासण्यात हयात घालवलेली बाई, पूर्ण शुद्धीत आणि तितक्याच रागात हे मृत्युपत्र लिहीत आहे. दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात, हे डॉक्टरीणबाईंनी तपासून मान्य केले आहे. याआधी काही लिहिले असल्यास ते धरू नये.

१. राहते घर आणि बँकेतली शिल्लक माझ्या भाचीला, म्हणजे धाकट्या भावाच्या मुलीला.

२. बाणाग्रांचा संग्रह संग्रहालयाला. त्यातल्या आखूड, बसक्या बाणाग्रांना भावाने नवा प्रकार ठरवून आपले आडनाव दिले. उत्खननात गुडघे माझे गेले. तो म्हणायचा, "ताई, तू मोज, मी लिहितो." मी मोजले, आणि त्याच्या पुस्तकात 'मदतनीस' झाले. बाणाग्र बुडावरून ओळखायचे असते. टोक बोथट झाले की माणूस कपच्या उडवून पुन्हा धार काढतो, पाते आखूड होत जाते. बूड काठीला बांधलेले, ते तसेच राहते. त्याचा नवा प्रकार म्हणजे जुनीच लांब बाणाग्रे, वापरून झिजलेली. तोंडावर सांगितले तर म्हणाला, "तुला त्यातली थिअरी कळत नाही." संग्रहालयाने सगळी एकाच खणात, एकाच जुन्या नावाखाली मांडावीत.

३. सुयांच्या डबीतले बाणाग्र भाचीला. त्याची एक कड लांब आहे, दुसरी आखूड करता करता अर्धवट सोडलेली, बूड एकच. दोन्ही 'प्रकार' एका दगडात. भाऊ म्हणाला होता, "अपवाद आहे, फेकून दे." भाचीने ते उलटसुलट करून विचारले, "आत्या, बाबांना हे माहीत आहे?" तिने हे छापावे. आडनाव तेच लागेल, याची मला फार गंमत वाटते.

४. भावाच्या पुस्तकाच्या माझ्याकडच्या प्रती रद्दीत. पुठ्ठा वेगळा काढावा.

५. शोकसभेत भावाने बोलू नये. लहानपणी मी त्याला कडेवर घेऊन हिंडले आहे. म्हणूनच ते 'मदतनीस' मला अजून झोंबते.

६. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, असे वकीलबाईंनी बजावले. म्हणून साक्षीला भावालाच बोलावले आहे. घर मिळणार या आशेने तो नवा शर्ट घालून आला आहे. माझ्या हातचे न वाचता खाली नाव घालण्याची त्याला सवय आहे.

स्थळ: राहते घर, मागची खोली
दिनांक: अकरा नोव्हेंबर

लिहून ठेवणार: थोरली बहीण (सही)

साक्षीदार:
१. डॉक्टरीणबाई (सही)
२. धाकटा भाऊ (सही). संपूर्ण मजकूर बारकाईने वाचला. सर्व बरोबर आहे.