आमच्याकडे राहायला आलेली परदेशी बाई

सोमवार, ६ ऑक्टोबर

मावशी आज म्हणाली, "मी आता परत जात नाही."

चिकट भाताचा गोळा बोटांनी वळता वळता, इतक्या सहज! जणू उद्या बाजारात जात नाही, असं सांगावं तसं. मी पाणी पीत होते ते नाकात गेलं. आई उठून मागच्या अंगणात कोंबड्यांकडे गेली. कोंबड्यांना सकाळीच दाणे घातले होते.

दीटर काका, मावशीचे जर्मन नवरे, गेल्या हिवाळ्यात वारले. मावशी बँकॉकला उतरून इथे माहेरी दोन महिन्यांसाठी आली, पर्यटक म्हणून, जर्मन पासपोर्टवर. तिकडचा पासपोर्ट घेताना इकडचं नागरिकत्व सोडावं लागलं होतं. म्हणजे ज्या गावच्या तळ्यात ती पोहायला शिकली, तिथे आता कागदोपत्री पाहुणी! मुक्काम पुढच्या महिन्यात संपतो.

"तूच बघ गं काय करायचं ते," मला म्हणाली. घरात पहिली शिकलेली मी, त्यामुळे सगळ्या गल्लीचे कागद माझ्याकडे येतात. चूक झाली तर तीही माझीच.

बुधवार, ८ ऑक्टोबर

मी शिकवते त्या शाळेतून अर्धी रजा काढून उदोन शहरात इमिग्रेशन कचेरीत जाऊन आले.

देशाबाहेर न जाता पर्यटक मुक्कामाचा निवृत्ती व्हिसा करून घेता येतो. पन्नाशी उलटलेली हवी. (मावशी आयुष्यभर वय चोरत आली, आता मोठ्याने सांगावं लागणार!) बँकेत ठेव हवी, ती आहे. घराचे फोटो हवेत. मुक्काम संपायला निदान पंधरा दिवस उरलेले असताना अर्ज आत गेला पाहिजे. इथवर मी मान डोलावत होते.

मग खिडकीवरचे साहेब म्हणाले, "आणि घरमालकाने परदेशी माणूस राहायला आल्याचं चोवीस तासांत कळवलं असेलच."

नाही कळवलं. कुणाला सुचलंच नाही. मावशी आली तेव्हा आम्ही वाफवलेला मासा केला, गल्लीभर जेवण घातलं — आणि सरकारला सांगायचं राहिलं!

"घरमालकाची सही आणा. त्याशिवाय बाकीचं बघणार नाही."

घर आईच्या नावावर आहे. बांधलं मावशीच्या पैशांनी — पण परदेशी माणसाला जमीन घेता येत नाही, म्हणून आईच्या नावावर. घरात कधी कुणी हा विषय काढलेला नाही. आता मला काढावा लागणार.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

आई: "कसली वर्दी? माझं डुक्कर चोरीला गेलं तेव्हा मी चौकीत गेले नाही. आता सख्खी बहीण घरी आली म्हणून जाऊ?"

मी: "आई, नियम आहे. परदेशी माणूस —"

"कोण परदेशी? ती? हिचे केस मी विंचरलेत!"

मावशी हसून लोटपोट. "खामला, दे गं वर्दी! सांग त्यांना, घरात एक म्हातारी जर्मन बाई घुसलीय, रोज आंबवलेल्या माशांची बरणी रिकामी करते!"

आई हसली नाही. मिरच्या कुटत राहिली, इतक्या जोरात की कच्च्या पपईचं सॅलड कुणालाच तोंडात धरवेना.

रविवार, १२ ऑक्टोबर

फोटो काढले. फाटकाजवळ, घराचा नंबर दिसेल असे. मग मावशी पलंगावर बसलेली, मग घरमालक आणि अर्जदार शेजारी शेजारी.

"जरा जवळ उभ्या राहा," मी म्हटलं.

"जवळच आहे," आई म्हणाली. मध्ये एक म्हैस गेली असती!

मावशीने खेचून तिला कुशीत घेतलं. तेवढ्यात मी बटण दाबलं. फोटोत आईचे डोळे मिटलेले आलेत. साहेबांना चालेल का? दुसरा काढायला ती तयार नाही.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

सही नाही. आई म्हणते, चष्मा सापडत नाही. चष्मा डोक्यावर होता.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

शेजारच्या पेंग काकू कुंपणावरून: "तुझी आई काय खुळी आहे सही करायला? तुझी मावशी थोंगबाय कायमची राहिली की म्हणेल, घर माझ्या पैशांचं. मग तुम्ही दोघी कुठे जाल?"

"मावशी तसली नाही," मी म्हटलं.

"आधी कुणीच तसलं नसतं."

वर हेही म्हणाल्या, की त्यांच्या जावयाच्या ओळखीचा एक दलाल आहे, पैसे दिले की सही-बिही काही लागत नाही, पासपोर्ट आत जातो आणि शिक्का घेऊन बाहेर येतो. मी नको म्हटलं. मग दिवसभर वाटत राहिलं, की माझ्या सचोटीपायी मावशीला जावं लागलं तर? वर्गात सातवीच्या मुलांना एकच गणित दोनदा घातलं. मुलांनी मुकाट्याने दोनदा सोडवलं!

संध्याकाळी मावशी तांदूळ भिजत घालत होती. मला म्हणाली, "खामलाला अवघड वाटत असेल तर मी समुद्राकाठी हुआ हिनला खोली घेईन गं. तिथे जर्मन म्हातारे ढिगाने आहेत. पत्ते खेळायला सोबत होईल." हसत म्हणाली. पण तांदूळ तिने तीनदा धुतले, आणि पाणी पहिल्याच वेळी स्वच्छ झालं होतं.

तिला पत्ते येत नाहीत.

रविवार, १९ ऑक्टोबर

आज मी आईशी भांडले. आयुष्यात पहिल्यांदा.

अजून आठवडाभर, मग अर्जच घेणार नाहीत. मी विचारलं, "तुला ती इथे नकोय का? तसं असेल तर स्पष्ट सांग. मी तरी धावपळ थांबवते."

आई कपडे वाळत घालत होती. ओला सारोंग हातात तसाच. मला वाटलं, आता रडेल, नाहीतर मारेल.

"तू शिकलीस ते बरं झालं," ती म्हणाली. "पण शिकल्यापासून तुला सगळं विचारावंच लागतं."

म्हणजे काय? हो का नाही?

जेवताना म्हणाली, "मंगळवारी किती वाजता निघायचं?"

मंगळवार, २१ ऑक्टोबर

झालं! अर्ज आत गेला!

वाटेत आई म्हणत होती, "कालच आली असं लिही ना. कोण बघतंय?" मी म्हटलं, पासपोर्टवर विमानतळाचा शिक्का आहे, आणि तो नसता तरी मी लिहिलं नसतं. मावशी: "अगं, हिला बँकेत बसवायला हवं होतं!" पिकअप चालवणारा माणूससुद्धा हसला. माझे कान लाल.

साहेबांनी नियमाप्रमाणे मावशीला इंग्रजीतून विचारलं. मावशीने अस्सल इसानीत, आमच्या इकडच्या बोलीत, उत्तर दिलं, "बाळा, जेवलास का? तोंड किती सुकलंय!" साहेबही इसानीवर आले. आमच्याच मुलखातले, रोई-एतकडचे निघाले.

मग मला ज्याची भीती होती तो प्रश्न आईला: "घरमालकीणबाई, कळवायला एवढा उशीर का?"

आईने हात जोडले. "साहेब, परदेशी माणूस आला की कळवायचं, एवढं मला ठाऊक होतं. पण ही आली. मी वाट बघत होते, परदेशी माणूस कधी येतो!"

शेजारच्या खिडकीवरची बाई टेबलावर डोकं टेकून हसली. साहेबांनी दंड घेतलाच. मावशीने पाकीट काढलं, आईने तिचा हात बाजूला सारला. "घरमालक मी आहे," म्हणाली. कशा सुरात म्हणाली ते मला अजून कळलेलं नाही. अभिमान? की मावशीला इशारा?

साहेब मावशीला म्हणाले, "आजी, तुम्ही विधवा आहात, जुनं नागरिकत्व परत मागू शकता. फक्त ते बँकॉकहून येतं, काही वर्षंही लागतील. तोवर हा व्हिसा."

"द्यायला एक सही लागली," मावशी म्हणाली, "आणि परत घ्यायला वर्षं!"

मिटलेल्या डोळ्यांचा फोटो चालला.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

शिक्का मिळाला!!

आधी तीन महिन्यांचा, मग त्यावर वर्षाची मुदत. मावशी कचेरीच्या पायऱ्यांवर नाचली. घरी येताना कलिंगड, भाजलेली कोंबडी, आणि माझ्यासाठी एक भडक गुलाबी छत्री, कारण "रंग नसलेली पोरगी आहेस तू!"

आईने विचारलं, "वर्ष झालं की?"

"पुन्हा जायचं."

"आणि त्यापुढे?"

"दर वर्षी, आई."

"हातपाय चालेनासे झाले तरी? जाऊन विचारायचं, मी राहू का म्हणून?"

"हो."

आईने कोंबडीची तंगडी मावशीच्या ताटात ठेवली. मावशीने तोवर सगळ्या गल्लीला हाका मारल्या होत्या.

सोमवार, १० नोव्हेंबर

पेंग काकूंनी शाळेच्या फाटकावर गाठलं. आई आज उदोनच्या जमीन कचेरीत होती म्हणे! मला म्हणाली होती, दात दाखवायला जाते.

"घर तुझ्या नावावर करून मोकळी होतेय," काकू म्हणाल्या. "शहाणी आहे. आता थोंगबाय काय मागणार?"

मी ठरवलंय. माझ्या नावावर केलं तर मी सही करणार नाही. आईला तोंडावर सांगेन. कसं सांगू ते माहीत नाही. मावशी समोरच बसून माझ्या परकरात नाडी ओवतेय आणि गाणं म्हणतेय. तिच्याकडे बघवत नाही.

बुधवार, १२ नोव्हेंबर

मधल्या सुट्टीत आई शाळेत आली. कधी येत नाही. घामाघूम, हळू आवाजात: "मावशीचा पासपोर्ट गुपचूप आण. ती हयात असेपर्यंत घरात राहण्याचा हक्क तिच्या नावाने नोंदवायचाय. तिचीही सही लागते म्हणाले जमीन कचेरीत. शुक्रवारी मासळी बाजार म्हणून नेऊ तिला, आधी सांगितलं तर नको म्हणेल." मग घाम पुसत: "सरकारला विचारू दे तिला दर वर्षी, राहू का म्हणून. मला कशाला विचारायचं?"