खराब निघालेल्या प्रती

६ फेब्रुवारी १९९५, सोमवार

झेरॉक्सचं मशीन आज चार वेळा अडकलं! कागद आत जातो आणि रोलरपाशी चुरगळून बसतो. मग झाकण उघडा, दांडी दाबा, कागद ओढा – बोटं काळी. काका म्हणतात, ‘हळू ओढ गं वृषाली, ड्रमला नख लागेल.’ माझ्या बोटांपेक्षा त्यांना ड्रमची काळजी जास्त. दीड वर्ष झालं या दुकानात, हेमचंद्रकाका एकदाही आवाज चढवून बोललेले नाहीत. हे मात्र खरं.

खराब प्रतींनी टेबलाखालचं खोकं भरत आलं. तिरक्या, काळपट, अर्ध्याच उमटलेल्या. बनुबाई नेईल. कोर्टाच्या फाटकाशी ती शेंगदाणे-फुटाणे विकते. आधी वर्तमानपत्राच्या पुड्या बांधायची. मीच एकदा म्हटलं, आमचे कागद नेत जा, एक बाजू कोरी असते. तेव्हापासून खूश! ‘तुजा कागद लई बेस, पोरी. दान्याला शाई लागत न्हाई.’

७ फेब्रुवारी, मंगळवार

दुपारी नीलांबरीबाई आल्या. आठवी-नववीला मला मराठी शिकवायच्या, अजून त्याच शाळेत आहेत. ओळखलं मला. ‘तू इथे असतेस होय?’ म्हणाल्या, आणि जरा थबकल्या. अनोळखी कोणी असतं तर त्यांना बरं वाटलं असतं, असं मला वाटलं.

चार पानं होती. तीन-तीन प्रती. वकिलांचे कागद एरवी त्यांचा कारकून मच्छिंद्र घेऊन येतो. आज बाई स्वतः आल्या. कागद माझ्या हातात देताना म्हणाल्या, ‘हे कोणाच्या नजरेला पडायला नको, वृषाली. सोमवारी कोर्टात दाखल होईपर्यंत तरी.’

मी म्हटलं, ‘बाई, काळजी करू नका.’

काकांचा नियम आहे – कागद काचेवर उपडा ठेवायचा, प्रत ग्राहकाच्या हातात द्यायची, मधलं आपलं नाही. पण प्रत ट्रेमध्ये सुलटी पडते! आणि दुसऱ्या पानाला मशीन दोनदा अडकलं. चुरगळलेला कागद सरळ करताना मी वाचलं. थोडं नाही, सगळं वाचलं. नवऱ्यापासून वेगळं होण्याचा अर्ज. मुलगी यामिनी, वय आठ, तिचा ताबा मिळावा. मारल्याच्या तारखा. एकदा डाव्या कानावर – तेव्हापासून त्या कानाने नीट ऐकू येत नाही.

आम्ही वर्गात डावीकडच्या बाकावरून हाक मारली की बाई वळायच्या नाहीत. आम्हाला वाटायचं, तोरा आहे. नक्कल करायचो त्यांची.

बाईंनी पानं मोजून पिशवीत ठेवली. मी तोंड मशीनकडेच ठेवलं.

८ फेब्रुवारी, बुधवार

स्कॉलरशिपच्या फॉर्मची गर्दी. जेवायला साडेतीन. पाठ मोडली.

९ फेब्रुवारी, गुरुवार

बनुबाई खोकं रिकामं करून गेली. जाताना मूठभर फुटाणे ठेवून गेली.

११ फेब्रुवारी, शनिवार

नगरला मेकॅनिक नाही, पुण्याहून यायचा. आज आला एकदाचा. रोलर बदलला. आता मशीन लोण्यासारखं चालतंय. काका त्याच्याशी बोलताना ‘आमचं मशीन’ म्हणतात, आमची म्हैस म्हणावं तसं.

१३ फेब्रुवारी, सोमवार

आज फार वाईट दिवस.

सकाळी मच्छिंद्र दुकानात आला. हातात कागद नाहीत. स्टुलावर बसून राहिला. काकांनी विचारलं तेव्हा बोलला. नीलांबरीबाईंच्या नवऱ्याने काल सकाळी मुलीला स्कूटरवर बसवून कोल्हारला, त्याच्या आईकडे नेऊन ठेवलं. जाताना बाईंना म्हणाला, ‘उद्या कोर्टात जाणारेस ना? जा. पोरगी माझ्याकडे आहे.’

त्याला कळलं कसं? वकिलांच्या ऑफिसमध्ये कागद मच्छिंद्रच्या ताब्यात. मच्छिंद्र मूळ कोल्हारकडचाच. बाई सकाळी ऑफिसात येऊन त्याला सगळ्यांसमोर म्हणाल्या, ‘तुम्ही माझं घर विकलंत.’ वकीलसाहेबांनी त्याच्याकडून किल्ली काढून घेतली. अकरा वर्षं होता तिथे.

‘माझ्यावरच नाव आलं काका,’ एवढंच म्हणत होता.

काकांनी त्याला चहा पाजला. 

१४ फेब्रुवारी, मंगळवार

दुपारी बनुबाईकडून शेंगदाणे घेतले. खाऊन झाल्यावर पुडी उलगडली. कोणाचा तरी दाखला होता, जन्मतारखेचा – नाव, बापाचं नाव, जात, सगळं स्वच्छ वाचता येत होतं. 

गेल्या मंगळवारच्या, बाईंच्या अर्जाच्या त्या दोन खराब प्रती. दुसरं पान! मी त्या खोक्यात टाकल्या होत्या. बाईंसमोरच!

तशीच परत गेले. बनुबाईची थप्पी मागितली. ‘आगं काय शोधतीस? हरवलं काय?’ फाटकाजवळ खाली बसून एकेक कागद पाहिला. एक सापडली, चुरगळलेली. दुसरी नाही. थप्पी तीनदा पाहिली.

‘एक कागद नाही, बनुबाई.’

‘आगं, गेला आसंल कुनाच्या दान्यात. दिसाला शंभर पुड्या जात्यात. मला वाचता येतंय व्हय?’

तिला वाचता येत नाही. पण शेंगदाणे घेणाऱ्यांना येतं. वकील, पोलीस, कारकून, तारखेला आलेली माणसं – कोर्टात अख्खा जिल्हा येतो. कोल्हारचं कोणी नसेल कशावरून?

सापडलेल्या प्रतीचे तुकडे तुकडे केले. आता करून काय उपयोग!

१५ फेब्रुवारी, बुधवार

कोणाला काही बोलले नाही. आई म्हणाली, ‘ताप आहे का?’ नाही म्हटलं.

१७ फेब्रुवारी, शुक्रवार

काकांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

‘तुला कोणी विचारलंय का?’

‘नाही.’

‘मग कशाला सांगतेस? सापडलाय का तो कागद कोणाच्या हातात? नाही ना. नुसता तर्क आहे तुझा.’

‘मच्छिंद्रभाऊंची नोकरी गेली, काका.’

काका म्हणाले, ‘कोर्टातले निम्मे वकील माझ्याकडे कागद पाठवतात. ते कशाच्या भरवशावर, माहितेय ना तुला?’

माहिती आहे. त्यांचंही खरंच आहे. टायपिंग करून करून बोटं वाकडी झाली तेव्हा हे दुकान उभं राहिलं. आणि मुळात खोक्याची ती पद्धत मी पाडली, त्यांनी नव्हे.

२० फेब्रुवारी, सोमवार

मच्छिंद्र कोर्टाच्या भिंतीला लागून उभा होता. लोकांना विचारत होता – अर्ज लिहून देऊ का, फॉर्म भरून देऊ का. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. मला पाहिलं आणि हसला. मी रस्त्याच्या पलीकडून गेले.

कशी आहे मी!

२१ फेब्रुवारी, मंगळवार

शाळा सुटायच्या वेळी गेले. बाई घराकडे निघाल्या होत्या. मी त्यांच्या डाव्या बाजूला होते हे मला हाक मारल्यावर लक्षात आलं. उजवीकडे गेले. ‘बाई, थोडं बोलायचंय.’

घरी नेलं त्यांनी. दारात यामिनीच्या चपला. दोरीवर तिचा युनिफॉर्म वाळत होता, आठ दिवस कोणी काढलाच नव्हता.

सगळं सांगितलं. खोकं, बनुबाई, न सापडलेली प्रत. मध्ये थांबले असते तर पुढचं बोलता आलं नसतं, म्हणून सरळ शेवटपर्यंत बोलत गेले. बाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

मग विचारलं काय, तर – ‘तू वाचलं होतंस?’

खोटं बोलता आलं असतं.

‘हो बाई.’

‘सगळं?’

‘हो.’

त्यांनी मान खाली घातली. कागद बाहेर गेला, यापेक्षा मी वाचला याचं त्यांना जास्त लागलं की काय, कोण जाणे. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मग म्हणाल्या, ‘मच्छिंद्रला मी सगळ्यांसमोर नको ते बोलले.’ आणि पिशवी उचलून तशाच वकिलांकडे निघाल्या. मला ये म्हणाल्या नाहीत, जा म्हणाल्या नाहीत. दार ओढून घेतलं ते मीच.

२३ फेब्रुवारी, गुरुवार

मच्छिंद्रला कामावर परत घेतलं! बाईंनी स्वतः त्याची माफी मागितली म्हणे. कागद घेऊन दुकानात मात्र आला नाही. दुसऱ्या वकिलांकडूनही कोणी आलं नाही; खोक्याची गोष्ट कोर्टभर झाली होती. दिवसभरात चाळीस प्रती. मशीन उगाच गरम होऊन बसलं होतं.

काका खराब प्रतींचे आता आठ-आठ तुकडे करतात. हाताने. मी करते म्हटलं तर म्हणाले, ‘राहू दे.’

२ मार्च, गुरुवार

मीच काकांना म्हटलं, उद्यापासून येत नाही. मी दिसले की वकील पायरीवरून मागे फिरतात, हे दोघांनाही दिसत होतं. काकांनी थांब म्हटलं नाही. डोळे पुसले मात्र. ‘तू खोटं वागली नाहीस,’ म्हणाले, ‘पण माझं दुकान आहे गं.’

बनुबाई परत वर्तमानपत्रावर. माझ्यावर राग नाही तिचा, हीच पंचाईत. ‘कागदाचं काय मेलं यवडं! चल, दाने खा.’ खाल्ले नाहीत.

वडिलांना रात्री जेवताना सांगितलं. एसटीच्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं काढली त्यांनी. म्हणाले, ‘नट ढिला राहिला तर ज्याने बसवला त्याने सांगायचं. बस सुटल्यावर का होईना.’ मग आईला म्हणाले, तिला भाकरी वाढ.

१० एप्रिल, सोमवार

सावेडीत काम मिळालं. कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका, वास्तुशांती, दशक्रिया. पडद्यावर अक्षर चुकलं तर तिथेच पुसता येतं, कागद वायाच जात नाही. आठवड्यात हात बसला. आणि इथलं सगळं सगळ्यांनी वाचावं म्हणूनच छापतात! कोणी कागद छातीशी धरून येत नाही.

तरी प्रिंटरमधून पत्रिका बाहेर आली की मी नजर दुसरीकडे वळवते. बाजूचा ऑपरेटर हसतो. ‘अहो, तपासायचंय ते, वाचा की.’

१९ जून, सोमवार

बाजारात बाई दिसल्या. यामिनी बरोबर होती! नवीन दप्तर पाठीला. कोर्टाच्या हुकुमाने शाळा सुरू व्हायच्या आत आईकडे आली. चार महिने पोर आईविना राहिली. बाईंनी मला पाहिलं. थांबल्या नाहीत, पण मान हलवली. मी तिथेच उभी, हातात कोथिंबीर.

चार महिने! ते माझ्या नावावर.

६ ऑगस्ट, रविवार

सकाळी मच्छिंद्र घरी आला. पहिल्यांदाच. चहा घेतला नाही, पाट पुढे केला तरी उभाच.

‘ताई, माझ्यानं आता सोसवत न्हाई. नीलांबरीबाई माझ्या पोरीला घरी बोलावून शिकवत्यात. मी दिसलो की दर टायमाला माफी मागत्यात. तुमच्यावर आळ आला, तुमचं काम गेलं, अन् मी खुर्चीवर बसलोय.’

‘म्हणजे?’ मी विचारलं.

‘त्या कागदाचं काई न्हवतं, ताई. दाखल करायच्या आदल्या शुक्रवारी बाईंचा दीर भेटला स्टँडवर. आमच्याकडचाच, चहाला बसलो. बोलता बोलता माझ्याच तोंडून गेलं. सोमवारी दाखल हाय, आसं मीच म्हनलो.’

मी पाट उचलून भिंतीला लावला.

‘तेवढं तुमच्यापाशीच राहू द्या,’ म्हणाला. ‘मला फक्त तुमाला सांगायचं हुतं.’

‘नाही राहणार, मच्छिंद्रभाऊ,’ मी म्हटलं आणि चप्पल घातली. बाईंच्या घराच्या वळणापर्यंत मागे पाहिलं नाही. पाहिलं तेव्हा तो माझ्या मागे येत होता.